पळसदेवच्या डोहासाठी दोन भोपळे

“सोडू नगा! अवं धनी, सोडू नगा म्हंते न्हवं! बुडाले! बुडाले की वं!”

बायको ओरडत होती. ओरडणं तरी कसं? मोटेचे बैल भरली मोट अर्ध्यावर टाकून उसात घुसले, बाभळीवरची सुगरणीची घरटी गदागदा हलली, आणि बारामतीच्या पेठेत एका किराणेवाल्याचा तराजू वारं नसताना डुलला. हे त्यानंच मला पुढं सांगितलं. मी विहिरीच्या पायरीवर पाय रोवून उभा होतो. तिच्या कमरेला बैलाचा कासरा बांधला होता आणि त्याचं टोक माझ्या मनगटाला दोन वेढे देऊन पक्कं केलं होतं. बुडत्या माणसाला वाचवायची सगळी जय्यत तयारी होती. बुडणं तेवढं राहिलं होतं. पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं होतं.

“अगं, घोटा भिजलाय फक्त!”

“आज घोटा, उद्या टकुरं! वर वढा आदी!”

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातली माणसं धावत आली. मी शंभर म्हणेन, तुम्ही चार धरा. त्यांना काय दिसलं, तर एक बाप्या आपल्या बायकोला कासऱ्यानं बांधून विहिरीत सोडतोय. एकानं हातातली काठी सरळ केली. दुसरा पोलीस पाटलाकडं निघाला, त्याला मी धोतराला धरून थांबवलं. शेवटी आमची आई आली. वर उभी राहून तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा कासऱ्याकडं पाहिलं.

“काय रं, सुनंला पाणी पाजतुस का पाण्यात घालतुस?”

“पवायला शिकवतोय, आई.”

“पवून कुठं जायचंय तिला?”

आता ते सांगतो. एकोणीसशे तीसच्या दशकातली ही गोष्ट. आमचा मळा बारामतीजवळ आणि माझं आजोळ पळसदेवचं, भीमेच्या काठचं. आता धरणाच्या पाण्यात तिथलं जुनं देऊळ वर्षातले बरेच महिने बुडालेलं असतं. तेव्हा ते कोरडं ठणठणीत काठावर उभं होतं आणि त्याच्या पुढ्यात नदीचा डोह होता. उन्हाळ्यात बाकीची भीमा वाळूत सुकून जायची, डोह मात्र भरलेला. त्याचा तळ कुणी पाहिला नाही. मी एकदा निम्म्यापर्यंत गेलो होतो, पण जेवायची वेळ झाली म्हणून वर आलो. लग्नाआधी दर वैशाखात मी तो डोह देवळापासून पलीकडच्या काठापर्यंत पोहून जायचो आणि परत यायचो. कधी डोक्यावर शेरडाचं करडू घेऊन, कधी तोंडात पेटती विडी धरून. एक सुसर माझ्याशी शर्यत लावून हरली आणि लाजून जी सोलापूरकडं निघून गेली, ती पुन्हा त्या भागात दिसली नाही.

पलीकडच्या काठाला, वाळवंटात, कलिंगडाच्या वाड्या असत. पोहून गेलं की वाडीवाला एक कलिंगड गुडघ्यावर फोडून हातात द्यायचा. थंडगार वाळूत पाय खुपसून ते खायचं आणि मग परत पाण्यात. जगात याच्यापेक्षा मोठं सुख असेल तर ते मला ठाऊक नाही.

लग्न झालं आणि हे सुख पलीकडच्याच काठावर राहिलं. मी पाण्यात कमरेपर्यंत गेलो की काठावर बायको बोंब ठोकायची. “धनी गेलं! धनी गेलं!” गाव गोळा व्हायचं. मला परत यावं लागायचं. पुढं पोरं झाली. थोरली चार वर्षांची, धाकटा रांगता. त्यांना सांभाळायला कुणी एकानं काठावर राहायलाच हवं, आणि तो कुणी म्हणजे मी. पाच वर्षं मी भीमेत कमरेच्या वर भिजलो नाही. माझे हात कोरडे पडायला लागले होते. तेव्हा मी ठरवलं, की बायकोलाच पोहायला शिकवायचं. तिला पाणी कळलं की तिची भीती जाईल आणि आम्ही दोघं मिळून डोह पार करू. एकट्यानं खाल्लेलं कलिंगड पुष्कळ झालं. यंदाचं कलिंगड पलीकडच्या काठावर तिच्याशेजारी बसून खायचं. एवढंच माझं मागणं होतं.

पण बायको सुप्याची. तिकडं जिराईत रान आणि तिचं सारं लहानपण डोक्यावर हंडा घेऊन गेलेलं. तिच्या माहेरी विहिरीत पडलेल्या माणसाला पोहता येण्याची गरज नसते, त्याला डोक्याला टाके घालायची गरज असते. पाणी तिच्या लेखी हंड्यात असतं, कळशीत असतं, फार झालं तर घंगाळात. त्या दिवशी विहिरीतून वर काढल्यावर ती मला म्हणाली, “प्याच्या पाण्यात पाय घालायला लावला तुमी मला.” म्हणजे तिची भीती निम्मीच होती, उरलेला राग होता. मी कपाळाला हात लावला.

दिवाळीपासून मी ही सहल आखत होतो. आधी वेळेचं त्रांगडं. आषाढात पूर. दिवाळीनंतर पाणी छान, पण गुऱ्हाळ सुरू, घरातलं मांजरसुद्धा कामाला जुंपलेलं. माघात पाणी इतकं गार, की बायकोनं बोट घातलं असतं तर पुढं वर्षभर मला ऐकावं लागलं असतं. राहिला वैशाख. गुऱ्हाळ बंद, पेरणी लांब, मधे आठ दिवस.

मग शिकायची जागा. कऱ्हा नदीत नुसती वाळू. कालव्याला पाणी, पण त्याची ओढ अशी, की बारामतीला पाय घसरला तर माणूस लासुर्ण्याला बाहेर निघायचा, आणि कालव्याचा राखणदार पाटकरी काठी घेऊन मागं. विहिरीचं काय झालं ते सांगितलंच. तेव्हा शिकायचं ते थेट भीमेतच.

मग कपड्याचं. नऊवारी लुगडं भिजलं की मणभर होतं, त्यात माणूस पोहत नाही, नांगरासारखा रुततो. इंदापूरला कचेरीत कामाला गेलो होतो, तेव्हा बाजारातल्या एका शिंप्याच्या दुकानात शिरलो. म्हटलं, “जाड कापडाची गुडघ्यापर्यंत चड्डी शिवायची. पाण्यात घालायला.”

“कुणासाठी?” शिंप्यानं विचारलं.

दुकानात पाच-सहा जण बसलेले. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. बायकोसाठी, असं एवढ्या जणांपुढं सांगायचं कसं? “माझ्यासाठी,” मी म्हणालो. त्या भल्या माणसानं फीत काढली आणि माझी मापं घेतली. मी मुकाट्यानं हात वर करून उभा राहिलो. दुसरं काय करणार? आठ दिवसांनी चड्डी आली ती माझ्या मापाची. बायकोनं ती दोन्ही हातांनी उलगडून बघितली आणि विचारलं, “ह्यात आपुन दोघांनी येकदम उतरायचं हाय का?”

राहता राहिले भोपळे. आमच्याकडं नवशिक्याला पाण्यात सोडायचं तर पाठीला दोन सुके भोपळे बांधतात. भोपळा आतून पोकळ, माणसाला बुडू देत नाही. आमच्या सैपाकघराच्या आढ्याला आईचे सहा दुधे भोपळे टांगलेले होते, धुरानं काळे पडलेले, प्रत्येक आपापल्या शिंक्यात. मी वाजवून बघितले. त्यातले दोन चांगले घागरीएवढे निघाले. हलवले तर आत खुळखुळ वाजलं. वाळल्या भोपळ्यात त्याचंच बी वाजतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आईला विचारावं असं एकदा मनात आलं. पण विहिरीच्या प्रकारापासून ‘पवणं’ हा शब्द घरात काढायची सोय नव्हती. तेव्हा निघायच्या दिवशी, ती शेण काढायला गोठ्यात गेली तशी मी दोन्ही भोपळे शिंक्यांसकट उतरवले आणि गाडीत कडब्याखाली दडवले. माझ्या हुशारीवर मी भिगवणपर्यंत खूश होतो.

गाडीत काय नव्हतं? आठ दिवसांसाठी अठरा बोचकी, धाकट्याची झोळी, थोरलीची लाकडी बाहुली, बाहुलीची वेगळी झोळी. आणि सगळ्यांच्या मधोमध, दोन पायांत घट्ट धरलेले, पाण्यानं भरलेले दोन हंडे.

“अगं, नदीवर चाललोय आपण!”

“वाटंत हाय का नदी?”

भिगवणच्या अलीकडं, भर उन्हात, त्यातलं निम्मं पाणी मीच प्यालो. तांब्या हातात दिला तेव्हा बायको नुसती बघत होती. शब्द परवडला असता.

पळसदेवला पोचलो आणि आमचे आठ दिवस सुरू झाले. पहिला दिवस उतरण्यात गेला. दुसऱ्या दिवशी धाकट्याला दात यायचे होते, त्यानं तोच मुहूर्त धरला आणि इतका रडला की नदीपलीकडची कुत्री उत्तर द्यायला लागली. तिसऱ्या दिवशी थोरलीच्या पायाला मासळीनं चावा घेतला. म्हणजे बोटभर माशानं नुसतं तोंड लावलं. पण तिनं सगळ्या गावाला सांगितलं की तिला सुसरीनं खाल्लं. ही पोरगी कुणावर गेलीय कळत नाही. त्यानंतर ती नदीकडं यायला तयार होईना आणि तिला सोडून तिची आई यायला तयार होईना. चौथ्या-पाचव्या दिवशी आम्ही आळीपाळी करून बघितली. एकानं पाण्यात जायचं, एकानं पोरं धरायची. मी पाण्यात गेलो की ती बोंबलायची आणि ती पाण्यात जायची पाळी आली की तिला चुलीवरची भाजी आठवायची. सहाव्या दिवशी मी देवळाच्या पायरीवर बसून पलीकडच्या वाडीवाल्याला कलिंगड फोडताना बघितलं. लाल फोड मला इथनं दिसली. आवाजसुद्धा आला.

सातव्या दिवशी मामाला माझी दया आली. मामा म्हणजे सत्तरीचा गडी, साऱ्या गावाला पोहायला शिकवलेला. म्हणाला, “जा रं दोघंबी. पोरं बघतो मी.” भर दुपारी त्यानं धाकट्याची झोळी देवळाच्या सावलीत बांधली, थोरलीला मांडीवर घेतलं आणि गोष्ट सांगायला लागला. गोष्टीतला राजा शिकारीला निघायच्या आधी तिघंही झोपले.

नदीवर चिटपाखरू नव्हतं. मी शिंप्याची चड्डी घातली. बायकोनं लुगड्याचा काष्टा घट्ट आवळला. मी दोन्ही भोपळे शिंक्यांसकट तिच्या पाठीला बांधले. ती पाण्याजवळ गेली, वाकली, पाण्याला हात लावून नमस्कार केला आणि पुटपुटली, “आई, पाय लागतोय, राग धरू नगं.” मग एकेक पाऊल टाकत कमरेपर्यंत आली. डोळे मिटलेले, माझ्या दंडात तिची नखं.

“आता पुढं पड. भोपळं धरत्यात.”

“खरं का?”

“माझ्यावर इस्वास न्हाय?”

तिनं एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं. विश्वास नव्हताच, पण ती पडली. आणि तरंगली हो! पाय वर आले, भोपळे तिच्या पाठीवर दोन बदकांसारखे डुलले, आणि माझ्या डोळ्यांपुढं कलिंगड फुटलं. मी हळूच हात काढून घेतला. ती ओरडली नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा ती पाण्याजवळ असून गप्प होती.

मग बुडबुड आवाज आला. डावा भोपळा एका अंगाला कलला आणि बायकोही कलली. पाण्यावर काळ्या मुंग्यांची रांग निघाली. मला वाटलं भोपळ्यात मुंग्या होत्या. पण बायकोनं डोळे उघडले, नाकासमोरनं चाललेल्या त्या काळ्या ठिपक्यातला एक चिमटीत धरला, आणि तिचा चेहरा असा झाला की मी आजही विसरलेलो नाही.

“धनी, ह्ये कांद्याचं बियाणं हाय!”

त्या भोपळ्याचं देठाकडचं तोंड आईनं कापलं होतं. आत वर्षाचं कांद्याचं बियाणं भरलं होतं आणि वर शेणमातीचं बूच लावलं होतं. धुरानं ते भोपळ्याच्याच रंगाचं काळं झालं होतं. साऱ्या आळीत बायका बियाणं असंच ठेवतात, घरात जन्म काढून मलाच पत्ता नव्हता. भीमेच्या पाण्यानं बूच विरघळलं होतं. आईनं कांद्याच्या फुलांचा गोंडा गोंडा निवडून, झोडून, पाखडून ठेवलेलं बियाणं डोहाकडं फिरायला निघालं होतं.

“आत्याबाईंचं बियाणं!” एवढं म्हणून बायकोनं डावा भोपळा पाठीवरनं ओढून काढला, बुचाच्या जागी पंजा दाबला आणि माझ्या अंगावर फेकला. “ह्यो धरा, उलटा करू नगा!” चांगला भोपळा बगलेत मारला, पदर सोडून पाण्यावर चाळणीसारखा पसरला आणि निघाली.

आता ओरडायची पाळी माझी. “अगं थांब! तितं डोह हाय! पाय पुरत न्हाय तितं!”

ती ऐकायला होती कुठं? तिच्या पायाखालची वाळू केव्हाच सुटली होती. पाय बेडकासारखे मारत, एका हातानं पदर ओढत, ती डोहाच्या मधोमध पोचली. बियाणं जिथं वळेल तिथं ती वळत होती. मी भोपळा डोक्यावर धरून एका हातानं पोहत मागं. शिंप्याच्या चड्डीत पाणी भरून तिची मोट झालेली. पाच वर्षं न पोहलेला मी आणि सातव्या दिवशी पाण्यात पडलेली ती, पण मला काही गाठता येईना. वर हुकूम सुटत होते. “त्या अंगाचं आडवा! तसं न्हवं, तुमच्या हातानं लाट हुतीया! सावकाश!” जसं काय मी वाफ्याला पाणी देत होतो.

असं करत ती पार पलीकडच्या काठाजवळ गेली. दहा हात राहिले होते, जास्त नाहीत. वाळू दिसत होती, वेल दिसत होते, वेलांतली हिरवी कलिंगडं दिसत होती.

“अगं, पोचलोच की आपण! चल, दहा हात ऱ्हायलं! घटकाभर बसू आणि मग जाऊ!”

तिनं पाण्यावर नजर फिरवली. वारा फिरला होता.

“बियाणं अलीकडं चाललंय,” ती म्हणाली आणि वळली.

मी तिथं, त्या दहा हातांवर, पाण्यात उभा राहिलो. डोहात उभं राहता येत नाही हे मला ठाऊक आहे. तरी राहिलो. वाडीवाल्याच्या खोपीत तोसुद्धा झोपला होता. मग मी वळलो आणि तिच्या मागं निघालो.

भिजलेलं कांद्याचं बियाणं लगेच वाळवलं नाही तर कुजतं. उरलेला सगळा दिवस आणि आठवा दिवस मी देवळाच्या सावलीत बसून होतो. पुढ्यात धोतरावर पसरलेलं बियाणं, हातात चिमण्या हाकायची काठी. बायको दर थोड्या वेळानं येऊन बियाणं बोटांनी परतायची, दाणा दातानं चावून बघायची. दोन ओंजळी गेलं असेल, बाकीचं तिनं वाचवलं होतं. पाठीमागं डोह, डोहापलीकडं वाडी. मी तिकडं पाठ करून बसलो होतो.

घरी आलो तेव्हा आई आढ्याकडं बोट करून दारातच उभी होती. दोन शिंकी कमी. मी सगळं कबूल केलं, भोपळे पुढं ठेवले, आणि तिनं तोंड उघडायच्या आत सांगितलं, की बियाण्याचं राहू दे, तुझ्या सुनेनं पळसदेवचा डोह पार केला. देवळापासून पलीकडं दहा हातांपर्यंत आणि परत. एका भोपळ्यावर. शपथेवर सांगतो, यात मी एक हातभरसुद्धा वाढवलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा नुसतं घडलं तेवढंच सांगत होतो. आता ही ‘हो’ म्हणाली की पुढच्या वैशाखात कासरा नको, भोपळे नकोत, सरळ पलीकडं जायचं आणि कलिंगड फोडायचं, असा सगळा बेत माझ्या डोक्यात तयार होता.

आईनं माझं सगळं ऐकून घेतलं, लहानपणापासून ऐकत आली तसंच. मग सुनेकडं वळली.

“खरं का गं? डोह पवलीस तू?”

बायको धाकट्याला कडेवरनं खाली ठेवत होती.

“न्हाय, आत्याबाई. मला कुठं पवायला येतं? मी बियाणं गोळा करत हुते.”